वाचकांचे प्रश्न : लहानपणीची खेळणी आणि मागे पडलेले खेळ

लहानपणीच्या खेळण्यांविषयी आणि खेळांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. आलेल्या बहुतेक पत्रांत खेळणे दिसायला कसे होते यापेक्षा ते हाताला कसे लागत असे, चावी दिल्यावर कसे घरघरत असे, त्याला कोणता वास येत असे, याचेच वर्णन अधिक आहे. खेळण्याची आठवण बरीचशी हातांपाशी राहते असे मलाही वाटते. म्हणूनच ते खेळणे कशाचे बनले होते आणि कसे चालत असे, याबद्दल उत्तरांत जरा सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी शाळेत असताना घर बदलण्याच्या गडबडीत माझी कापडी बाहुली मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकण्यात आली. आज माझी साठी उलटली आहे, तरी तिचा उसवलेला खांदा आणि मळकट झगा डोळ्यांसमोरून जात नाही. एका बाहुलीपायी इतकी वर्षे हळहळ वाटणे हे जरा अतीच नाही का?

अजिबात नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये नेमक्या अशा वस्तूंविषयी एक निबंध मांडला होता. तान्हे मूल आपल्याभोवतीच्या असंख्य वस्तूंमधून एखादी दुलई, फडके किंवा मऊ खेळणे निवडते, ते जवळ असल्याशिवाय झोपत नाही, आणि आईपासून थोडे दूर होण्याचे बळ त्याला त्या वस्तूमुळे मिळते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी आणखी एक बारकावा टिपला आहे, तो आपल्या मळकट झग्याशी थेट जोडलेला आहे. अशी वस्तू मळली, तिला वास येऊ लागला, तरी जाणती आई ती धुवायला काढत नाही, कारण ती धुतली की मुलाच्या अनुभवाचा धागाच मध्ये तुटतो. इतरांना जो मळ दिसतो, तो मुलाच्या लेखी त्या वस्तूचाच भाग असतो.

याच निबंधात विनिकॉट सांगतात, की सर्वसाधारणपणे अशा वस्तूचे महत्त्व हळूहळू ओसरते. ती विसरली जात नाही आणि तिच्यासाठी शोकही केला जात नाही, कारण मुलाचे मन तोवर खेळात, गोष्टींत, मित्रमैत्रिणींत पसरलेले असते. आपल्या बाबतीत हे ओसरणे घडायच्या आधीच बाहुली गेली आणि तिला निरोप देण्याचा निर्णय आपला नव्हता. आपली खंत बाहुली गेल्याची आहे, तितकीच न विचारल्याचीही असावी, असे मला वाटते. ती मनात दाबून ठेवण्यापेक्षा बाहुलीचे सगळे तपशील एकदा सविस्तर लिहून काढा : कापड कोणते होते, आत काय भरले होते, डोळे दोऱ्याचे होते की बटणांचे, ती कोणी शिवली होती. शिवणकाम येत असल्यास त्याच मापाची दुसरी बाहुली जरूर शिवावी, मात्र ती जुन्या बाहुलीची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत माझी जुनी खेळणी सापडली. रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची बाहुली चिकट झाली आहे, चावीची पत्र्याची मोटार गंजली आहे आणि बॅटरीवर चालणाऱ्या रोबोच्या पोटात पांढरा थर साचला आहे. ही खेळणी दुरुस्त करून तीन वर्षांच्या नातवाला देण्याची फार इच्छा आहे. ती कशी साफ करावीत?

आपली इच्छा मनापासून समजते, आणि म्हणूनच आधी धोक्याचे बोलतो. जुन्या खेळण्यांच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगातील शिशावर कायद्याने कडक मर्यादा आली तीदेखील १९७८ मध्ये. तीन वर्षांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यामुळे रंगाचे पोपडे निघालेली मोटार त्याच्या हाती देऊ नये. तो रंग घरी कोरड्या सॅंडपेपरने खरवडूही नये. उडणारी भुकटी श्वासावाटे आत गेली तर मोठ्यांनाही अपायकारक असते. मोटार काचेच्या कपाटात ठेवावी, नातवाला मांडीवर घेऊन ती आपण स्वतः चालवून दाखवावी आणि नंतर दोघांनीही हात धुवावेत.

बाहुली चिकट होण्याचे कारण तिच्या घडणीतच आहे. मऊ बाहुल्या बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला लवचीक करण्यासाठी त्यात थॅलेट नावाचे तेलकट पदार्थ मिसळत असत आणि वर्षे उलटली की ते पृष्ठभागावर पाझरू लागतात. बाहुली ओल्या मऊ फडक्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने हलकेच पुसून सावलीत वाळवावी. थिनर किंवा नखांचे पॉलिश काढण्याचे द्रव तिला लावू नये, चेहराच विरघळेल. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण शाई त्या मऊ अंगात कायमची उतरते. आणि कडक प्लॅस्टिकच्या खेळण्याला टेकवून ठेवू नये, कारण पाझरणारा पदार्थ त्या खेळण्यालाही मऊ करून टाकतो. पाझरणे पूर्ण थांबवता येत नाही. थंड, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ते मंदावते. लहान मुलांच्या खेळण्यांतील काही थॅलेटांवर युरोपात आणि अमेरिकेत नंतर निर्बंध आले, हे लक्षात घेता ही बाहुलीही नातवाच्या तोंडापासून दूरच बरी.

मोटारीच्या छापील पत्र्यावर पाणी, चिंच किंवा राख अजिबात वापरू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एखादाच थेंब चाकांच्या आसाला आणि दात्यांना सोडा. तेल छपाईवर ओघळू देऊ नका. पुष्कळ वर्षांनी चावी देताना ती पहिल्यांदा एकदोन वेढेच फिरवावी, स्प्रिंग सुटते का ते ऐकावे, मग थोडी आणखी. ठेवून देताना स्प्रिंग नेहमी पूर्ण उलगडलेली असावी.

रोबोच्या पोटातला पांढरा थर अल्कलाइन बॅटरी पाझरल्याचा असेल, तर तो अल्कधर्मी असतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो पुसावा, मग किंचित ओल्या काडीने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. जुनी साधी झिंक-कार्बनची बॅटरी असेल, तर तिचा स्राव आम्लधर्मी असतो; तेथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा चालतो. कोणतेही खेळणे ठेवताना बॅटऱ्या काढून ठेवण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : लहानपणी माझा रुबिक क्यूब माझ्या भावाने सगळे तुकडे सुटे करून पुन्हा जोडला. त्यानंतर तो मला कधीच सुटला नाही. दोष माझा की त्याचा?

बहुधा भावाचा. तुकडे सुटे करून कसेही बसवले, तर बारापैकी एकाच वेळी तो क्यूब सुटण्याजोगा राहतो. सगळे जमून शेवटी एकच कोपरा पिळलेला किंवा कडेचा एकच तुकडा उलटा राहत असेल, तर तो नुसता फिरवून कधीही सुटणार नाही. पुन्हा सुटा करून रंग जुळवूनच जोडा. हा क्यूब १९७४ मध्ये बनवणारे बुडापेस्टचे वास्तुरचनेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनाही तो पहिल्यांदा सोडवायला सुमारे महिना लागला होता. नीट जोडलेला क्यूब मात्र कितीही विस्कटलेला असला तरी जास्तीत जास्त वीस चालींत सुटतो, हे २०१० मध्ये सिद्ध झाले आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक जादूची पाटी होती. काडीने लिहायचे आणि वरचा कागद उचलला की सगळे पुसले जायचे. शाई नाही, खडू नाही, मग अक्षरे उमटत कशी होती?

त्या पाटीचे तीन थर असत. तळाशी पुठ्ठ्यावर गडद रंगाच्या मेणाचा लेप, त्यावर पातळ अर्धपारदर्शक कागद आणि सर्वांत वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. काडीने दाबले, की तेवढ्याच रेषेवर मधला कागद मेणाला चिकटतो आणि मेणाचा गडद रंग त्यातून दिसू लागतो. दोन्ही वरचे थर उचलले, की चिकटलेले सुटते आणि पाटी कोरी होते. वरचा पडदा केवळ मधला पातळ कागद फाटू नये म्हणून असे. वापरून जुनी झालेली अशी पाटी मिळाली, तर वरचे थर पूर्ण उचलून खालचे मेण तिरप्या उजेडात धरून पाहा. पुसून टाकलेल्या अक्षरांचे बारीक चरे तेथे एकमेकांवर चढलेले दिसतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२५ मध्ये याच खेळण्यावर एक छोटा निबंध लिहिला आणि नवे टिपायला सतत कोरे होणारे, तरीही जुन्याच्या खुणा खाली जपणारे मन समजावून सांगण्यासाठी या पाटीचा आधार घेतला. मुलांच्या हातातल्या एका स्वस्त पाटीकडे इतक्या बारकाईने पाहिले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : आम्ही खेळत असू ते खेळ आता मुलांना ठाऊकही नाहीत. ते कायमचे हरवतील का? ते लिहून ठेवायचे असल्यास कसे लिहावेत?

खेळ वाटतात त्यापेक्षा चिवट असतात. पीटर ब्रुगेल या चित्रकाराने १५६० मध्ये रंगवलेले मुलांच्या खेळांचे एक मोठे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात ऐंशीहून अधिक खेळ आहेत. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळत बसल्या आहेत. इतरत्र डोळे बांधून आंधळी कोशिंबीर चालली आहे, कुणी भोवरे फिरवत आहे, कुणी वाकलेल्या पाठींवरून उड्या मारत आहे. साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरही यांतले कितीतरी खेळ पाहताक्षणी ओळखता येतात.

हे खेळ टिकले ते मोठ्यांनी शिकवल्यामुळे नव्हे. ब्रिटनमधील आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने हजारो मुलांना विचारून रस्त्यावरचे आणि शाळेच्या पटांगणातले खेळ गोळा केले. मुले खेळ शिकतात ती आपल्याहून थोड्याच मोठ्या मुलांकडून, हे त्यांच्या कामातून स्पष्ट दिसते. दहा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलीला शिकवते आणि तीन वर्षांनी ती पुढच्या मुलीला शिकवते. म्हणून वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र, मोकळ्या जागी आणि मोठ्यांच्या सूचनांशिवाय वेळ मिळाला नाही, तर ही साखळी तुटते. मला काळजी वाटते ती याचीच. खेळण्यांची दुकाने बदलली म्हणून नाही.

लिहिताना नुसते 'आम्ही लपंडाव खेळत असू' असे लिहून भागत नाही. किती भिडू लागत, सुटायचे कसे, राज्य कोणावर येई, डाव कधी संपे, कोणत्या चुकीला भिडू बाद होई, धापा टाकत 'टाइम प्लीज' म्हणणाऱ्याला किती वेळ मिळे, लिंबूटिंबूला कोणत्या सवलती असत, हे सगळे लिहा. भोवऱ्याविषयी लिहायचे असेल तर जाळी (म्हणजे दोरी) आरेपासून (खालच्या टोकदार खिळ्यापासून) वर कशी गुंडाळायची, शेवटचे टोक कोणत्या बोटात अडकवायचे, फेकताना मनगट कधी मागे खेचायचे आणि फिरता भोवरा तळहातावर कसा उचलून घ्यायचा, इतके तपशील हवेत, कारण पुढचा वाचणारा त्यावरूनच भोवरा फिरवायला शिकणार आहे. भांडणे कशावरून होत हे तर आवर्जून लिहा. खेळाचे खरे नियम तेथेच सापडतात. मग आपल्या जुन्या सवंगड्यांना विचारा. त्यांना नियम थोडे वेगळे आठवतील, आणि कोणाचे बरोबर यावर वाद न घालता दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नोंदवावेत, कारण आळी बदलली की नियमही बदलत असत.