सगळे जॉब टॉलरन्समध्ये बसतात, मग कंट्रोल चार्ट कशाला?

तुमचं शिरोलीत सीएनसी शॉप आहे, कस्टमरने एक्स-बार आर चार्ट मागितलाय, म्हणजे मोजलेल्या जॉबच्या गटांची सरासरी आणि रेंज दाखवणारा कंट्रोल चार्ट, आणि ड्रॉईंगच्या दोन मर्यादाच, म्हणजे टॉलरन्सच, चार्टवर आखल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. कोल्हापुरात असे चार्ट भिंतीवर बरेच दिसतात, पण ते ऑडिटपुरतेच.

ड्रॉईंग सांगतं कस्टमरला काय पाहिजे. चार्टच्या रेघा मात्र तुमच्याच मशीनच्या मापांतून काढायच्या असतात. समजा 40 एच7 चा बोअर, म्हणजे भोक आहे; एच7 हा टॉलरन्सचा ठरलेला वर्ग, म्हणजे माप 40.000 ते 40.025 मिलिमीटर. ठरावीक वेळाने सलग पाच जॉब मोजा, त्यांची सरासरी आणि रेंज, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक, लिहा. असे वीस-पंचवीस गट झाले की हिशोब मांडा. एकूण सरासरी 40.012 आणि सरासरी रेंज 5 मायक्रॉन (0.005 मिलिमीटर) आली, तर पाचच्या गटाचा ठरलेला गुणक 0.577 गुणिले 5, म्हणजे सरासरीच्या मर्यादा 40.012 च्या वरखाली साधारण तीन मायक्रॉन, 40.009 ते 40.015. रेंजची वरची मर्यादा 2.114 गुणिले 5, साडेदहा मायक्रॉन.

आता एखाद्या गटाची सरासरी 40.007 आली. भोक टॉलरन्समध्ये आहे का एवढंच तपासणारा प्लग गेज म्हणेल ओके, पण चार्ट म्हणेल काहीतरी बदललंय. बोअर बारीक होत चाललाय म्हणजे पहिला संशय इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टिपवर, तो झिजतोय. सरासरी जागेवर आणि रेंजच वाढली, तर क्लॅम्पिंग बघा, नाहीतर कास्टिंग कुठे कडक आलंय का ते फौंड्रीवाल्याला विचारा.

खरा फायदा मला वेगळाच वाटतो. ऑपरेटर एक जॉब मोजतो, दोन मायक्रॉन कमी दिसतो, लगेच ऑफसेट देतो, म्हणजे टूलची जागा तेवढी सरकवतो. पुढचा दोन जास्त, परत ऑफसेट. मशीनचा स्वतःचा फरक तेवढाच होता. हात घालून आपणच तो वाढवला. बेल टेलिफोन समूहाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्टने 1924 मध्ये हा चार्ट मांडला तो नेहमीची चढउतार आणि खरं कारण वेगळं ओळखता यावं म्हणूनच. वर काढल्या तशा तीन सिग्माच्या (सिग्मा म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप) मर्यादा ठेवल्या तर सगळं ठीक असताना खोटी हाक साधारण 370 पॉइंटांत एकदा येते, तेवढी चालते. मर्यादेत असूनही सलग आठ पॉइंट मधल्या रेघेच्या एकाच बाजूला गेले, तर मात्र उठून बघायचं.

गोकुळ शिरगावात तुमची फौंड्रीही आहे म्हणता. तिथे केमिस्ट्रीसाठी, म्हणजे धातूतल्या घटकांच्या प्रमाणासाठी, हा चार्ट लावू नका. एकाच हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) पाच नमुने जवळजवळ सारखेच येणार, रेंज नावाला उरणार आणि रेघा इतक्या जवळ येणार की प्रत्येक हीट बाहेर दिसेल. तिथे एका हीटचं एक रीडिंग आणि मागच्या हीटशी फरक, असा मूव्हिंग रेंजचा चार्ट घ्या. सरासरी फरकाला 2.66 ने गुणून सरासरीच्या वरखाली मर्यादा टाका.

आणि चार्ट क्यूए केबिनमध्ये नको, मशीनवर लावा. भरणार ऑपरेटरच, इन्सर्ट बदलला, शिफ्ट बदलली, नवीन लॉट लावला की त्याच पॉइंटखाली पेन्सिलीने लिहायचं.