पुस्तक वाचलंस ना, मग सांगताना एवढं बघ

अरे, ग्रुपमध्ये पहिल्यांदा पुस्तकाबद्दल बोलणारेस म्हणून सांगतो, सगळी स्टोरी सांगत बसू नको. मराठा आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे, त्याच्यावरची कादंबरी वाचलीस ना, मग 1756 मध्ये त्याचा विजयदुर्ग किल्ला पडला हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, आणि इंग्रजांच्या जोडीला पेशवेही होते हे पण, त्यामुळे सस्पेन्स तिथे नाहीच, लेखकाने तुळाजीच्या डोक्यात काय चाललंय असं दाखवलंय आणि ते तुला पटलं का, ते बोल. न पटलेलंही बोल, बिनधास्त!

खरं किती आणि रचलेलं किती हा प्रश्न येणारच. बखर म्हणजे बहुतेकदा मागाहून लिहिलेली हकीकत आणि पत्रव्यवहार म्हणजे त्या वेळची पत्रं, यांत फरक असतो एवढं लक्षात ठेव. मी एकदा कादंबरीतला संवाद खरा समजून ठोकून दिला, मग आमच्या एका सरांनी शांतपणे विचारलं, हे कुठल्या पत्रात आहे रे? गप्प बसलो.

विजयदुर्गापाशी वाघोटन खाडीच्या तोंडाशी उभा राहून ती लढाईची पानं परत वाच, लेखक तिथे गेलाय की नकाशा बघून लिहिलंय ते लगेच कळतं. आणि पुस्तक उधार देशील तर पावसाळ्यात नको, बुरशी लागून परत येतं.