राजीनाम्याच्या आधीची सहा वर्षे : सी. डी. देशमुखांविषयी वाचकांचे प्रश्न

सी. डी. देशमुख म्हटले की मुंबईसाठी दिलेला राजीनामाच आठवतो. अर्थमंत्री म्हणून त्यांनी नेमके काय केले? (पुणे)

राजीनाम्याने त्यांची सहा वर्षे झाकून टाकली हे खरेच. १९५० च्या जूनमध्ये त्यांनी जॉन मथाईंकडून अर्थखाते घेतले. नियोजन आयोगाला मिळणारे वजन मथाईंना पटत नव्हते, म्हणून ते बाहेर पडले. देशमुख त्याच आयोगाचे सदस्य. त्याआधी १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आणि त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट स्टेट बँक आहे, आणि तिची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ च्या अखेरीस आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जवळपास ७० टक्के सावकाराकडून येत होते, सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांकडून १ टक्काही नाही. (त्या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरानगरच्या साखर कारखान्यामागे उभे राहिलेले तेच गाडगीळ.) अहवाल कपाटात गेला नाही. १ जुलै १९५५ ला खासगी भागधारकांच्या इंपीरियल बँकेची सरकारी स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यातच घातले गेले. नुसती मालकी बदलून देशमुख थांबले नाहीत, बँकेला काम नेमून दिले. आज तालुक्याच्या गावी स्टेट बँकेत रांग लावताना हे कुणाला आठवण्याचे कारण नाही म्हणा.

पहिली पंचवार्षिक योजना यशस्वी झाली ती पावसामुळे, असे आमचे सर म्हणतात. मग देशमुखांचे श्रेय किती? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

सर अर्धे बरोबर आहेत. अन्नधान्य १९५०-५१ मध्ये सुमारे ५.१ कोटी टन होते, ते १९५५-५६ मध्ये ६.७ कोटी टनांच्या आसपास गेले. त्यात मधल्या दोन वर्षांच्या चांगल्या पावसाचा वाटा मोठा होता, आणि पाऊस काही अर्थखात्याच्या अखत्यारीत येत नाही.

पण पाऊस चांगला झाला म्हणून तिजोरी आपोआप शाबूत राहत नाही. कोरियातल्या युद्धाने १९५०-५१ मध्ये जगभर भाव भडकले होते. देशमुखांनी १९५१ च्या अर्थसंकल्पात कर वाढवले, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँक दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ३ वरून साडेतीन टक्क्यांवर नेला. योजना संपली तेव्हा घाऊक किमती सुरुवातीपेक्षा खाली होत्या. उत्तरपत्रिकेत एवढे लिहा, गुण कापले जाणार नाहीत.

दुसऱ्या योजनेने देशाला परकीय चलनाच्या खाईत लोटले. त्याचा दोष त्यांच्यावर का येत नाही? (नाशिक)

यायला हवा. मराठी लेखणी इथे हात आखडता घेते.

दुसऱ्या योजनेचा सरकारी खर्च ४,८०० कोटींचा, त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे साध्या भाषेत नोटा छापून. अवजड उद्योगांसाठी यंत्रे बाहेरून आणायची, त्यासाठी लागणारे पौंड-डॉलर मात्र युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेल्या स्टर्लिंग शिलकीतून. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच लेखी मतभेद नोंदवला होता : एवढी तूट झेपणार नाही, महागाई आणि आयातीचा ताण येईल. आकड्यांशी उभा जन्म काढलेल्या देशमुखांना हे समजत नव्हते असे मी मानणार नाही. तरी अर्थमंत्री म्हणून त्यांची संमती या योजनेला होती. १९५७ मध्ये चलनसाठा घसरला आणि १९५८ मध्ये भारताला मदत देणाऱ्या देशांची बैठक जागतिक बँकेला बोलवावी लागली. तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. पंगत बसवून यजमान निघून गेले, उष्टी काढायला टी. टी. कृष्णम्माचारी राहिले. अर्थात त्याआधी वाणिज्यमंत्री असताना आयात परवाने सढळ हाताने देणारे कृष्णम्माचारीच होते, तेव्हा त्यांचीही फार कीव नको.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही चूक होती का? (ठाणे, निवृत्त विमा अधिकारी)

तुम्ही आतून पाहिले आहे, मी कागदावरून बोलतो. १९ जानेवारी १९५६ ला अध्यादेश निघाला, आधी कुणाला कुणकुण लागू न देता. भारतीय, परदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था धरून २४५ कंपन्यांचा कारभार सरकारकडे आला आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. आधीच्या दशकात विमा कंपन्या बुडाल्या होत्या, विधवांचे पैसे अडकले होते. तेव्हा कारण खोटे नव्हते.

चूक मला दुसरीकडे दिसते. लोकांच्या बचतीचा एवढा मोठा हंडा सरकारजवळ आणून ठेवला, पण त्यात हात घालायला निघालेल्या मंत्र्याला किंवा सचिवाला अडवणारी भिंत पुरेशी उंच बांधली नाही. वर्षभरात, १९५७ च्या जूनमध्ये, महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत ते उघडे पाडले, न्या. छगला यांनी चौकशी केली आणि कृष्णम्माचारींना जावे लागले. हा व्यवहार देशमुखांचा नव्हे. पण रचना त्यांच्या काळातली होती.

त्यांच्या राजीनाम्यामुळे मुंबई महाराष्ट्राला मिळाली का? (महाड)

तुमच्या तालुक्यातल्या नाते गावचा हा माणूस, त्यामुळे अभिमान समजू शकतो. तरी नाही. मुंबई मिळाली ती रस्त्यावर, १०५ हुतात्म्यांच्या रक्ताने आणि १९५७ च्या मतपेट्यांतून.

राजीनाम्याची किंमत निराळी आहे. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे आकाशवाणीवरून सांगितले आणि शहरात गोळीबार सुरू झाला. विम्याचा अध्यादेश त्याच आठवड्यातला. एकीकडे आयुष्यातला सगळ्यात धाडसी आर्थिक निर्णय, दुसरीकडे आपल्याच माणसांवर गोळ्या. मला तो आठवडा देशमुखांच्या चरित्रातला सगळ्यात अवघड वाटतो. राजीनामा मंजूर व्हायला जुलै उजाडला. लोकसभेत त्यांनी भाषेचा प्रश्न मांडला, तशीच कार्यपद्धतीचीही तक्रार केली : मुंबईबाबतची घोषणा मंत्रिमंडळाला न विचारता झाली आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. नेहरूंनी हे आरोप मानले नाहीत. काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून निवडून आले तरी देशमुख मुळात सनदी अधिकारीच होते. नियम मोडला ही त्यांच्या लेखी सर्वात मोठी गोष्ट. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांत घोषणा देत ते फिरले नाहीत आणि मराठी जनतेनेही त्यांना नेता केले नाही, नुसता नमस्कार केला.

१९६९ मध्ये ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. म्हणजे विचार बदलले? (गोवा)

विचार बदलले असे म्हणायला मला पुरावा दिसत नाही, पण गंमत आहे खरी. १९ जुलैला इंदिरा गांधींनी १४ बँका सरकारी केल्या, ऑगस्टमध्ये मतदान झाले. स्वतंत्र पक्षाचा अशा राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध, आणि त्यांचा उमेदवार कोण, तर इंपीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारी करणारा अर्थमंत्री. व्ही. व्ही. गिरी जिंकले, संजीव रेड्डी दुसरे. देशमुख १,१२,७६९ मतमूल्य घेऊन तिसरे आले. पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत न मिळाल्याने निकाल लागायला त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली.