सात वर्षांच्या मुलीला युनिकॉर्नच्या गोष्टी-कविता मराठीत कुठून द्याव्यात?

तुमची मुलगी युनिकॉर्नवेडी, इंग्रजी पुस्तकं वाचून झाली, मराठीत काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मीही बेळगावचीच. नातीच्या पायी गेली दोन वर्षं शिंगं मोडून वासरात शिरलेय (एक शिंग शिल्लक ठेवलंय), म्हणून सांगते.

दुकानात मिळतात ती गुलाबी, चमकीवाली भाषांतरं घेऊ नका. त्यातला घोडा पानापानावर 'जादुई' असतो आणि करत काहीच नाही. 'एकशृंगी अश्व' हा शब्दही नको, मूल तिथंच जांभई देतं. आमच्या घरी तो 'एकशिंग्या'. नातीची कानडी मैत्रीण त्याला 'ओंटी कोंबिन कुदुरे' म्हणते, तेही झकास लागतं कानाला.

खरी गंमत अशी की हा प्राणी मूळचा आपल्याच गावचा, निदान ऐकीव तरी. इसवी सनापूर्वी 400 च्या आसपास इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. भारतात कधी पाऊल न टाकता त्यानं लिहून ठेवलं, की हिंदुस्थानात एका शिंगाची रानगाढवं असतात. अंग पांढरं, डोकं गडद तांबडं, डोळे निळे. शिंग बुडाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लालभडक. हे नुसतं वाचून दाखवा आणि खडू हातात द्या. आमच्या पोरीनं डोकं तांबडं रंगवता रंगवता विचारलं, "आज्जी, ह्याला ऊन लागलंय काय ग?" गोष्ट तिथूनच सुरू झाली की!

रामायण-महाभारतातला ऋष्यशृंग तर सांगाच. हरिणीच्या पोटी जन्मलेला, रानात बापाशिवाय माणूस न पाहिलेला मुलगा. महाभारतात त्याच्या डोक्यावर शिंग आहे. अंगदेशात पाऊस पडेना, म्हणून राजानं त्याला युक्तीनं आणवलं, आणि त्याचं पाऊल लागताच पाऊस कोसळला. आणलं कसं, त्यातला मोठ्यांचा भाग मी गाळते आणि खाण्यावर भर देते: रामायणात त्याला मोदक देतात, आणि त्या बिचाऱ्याला ती फळंच वाटतात. आमच्याकडे मोदकाऐवजी कुंदा असतो, तेवढी सूट घेतलीय. शृंगेरीचं नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणतात आणि जवळच्या किग्गा गावातल्या त्याच्या देवळात पावसासाठी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे हा आपल्या राज्यातलाच.

मनूची नाव शिंगाला बांधून ओढणारा मासा आहेच. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरचा एकशिंगी प्राणीही दाखवा. बाजूनं काढलेल्या चित्रात दोन शिंगांचं एक दिसतं की तो खरंच एकशिंगी, यावर जाणते अजून भांडतात. पोरांनाही भांडू द्या. "असलं काही नसतंच" म्हणणारा एखादा काका निघाला, तर कर्नाटकच्या राजमुद्रेवरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड दाखवा. तो चालतो, मग एका शिंगाचा घोडा काय जड झाला?

कवितेचं म्हणाल तर विकत आणू नका, जेवता जेवता जुळवा. प्रश्न मोठ्यांनी घालायचा, उत्तर पोरांनी द्यायचं. आमचं असं झालंय:

एकशिंग्या, एकशिंग्या, दुसरं शिंग काय झालं?
बेंदराला नाचत होतो, नाचता नाचता गेलं!
एकशिंग्या, एकशिंग्या, पाऊस कसा आला?
शिंग माझं ढगात घुसलं, भोक पडलं त्याला!

बेंदराचं, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचं, कडवं उगाच आलेलं नाही. गेल्या वर्षी कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणली, पिशवीत एकाचं शिंग मोडलं. मी डिंक शोधत होते. पोरगी म्हणाली, "राहू दे की, हा आता एकशिंग्या झालाय." पूजेलाही तसाच बसला. जोडीतला दुसरा केव्हाच फुटला, हा अजून खिडकीत आहे. मोडकं शिंग तिच्या कंपासपेटीत असतं, आणि मला हात लावायची परवानगी नाही.