सभागृह मिळाले नाही तर

प्रश्न : आम्ही चार महाविद्यालयीन मित्र पंक रॉक, म्हणजे वेगवान, कर्कश, बंडखोर वळणाचे रॉक संगीत वाजवतो. नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही आणि मंगल कार्यालयांचे चालक आमचा आवाज ऐकूनच नकार देतात. मार्केट यार्डातील हळदीचे एक रिकामे गोदाम मिळण्यासारखे आहे. तेथे कार्यक्रम केल्यास हसे होईल का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हसे होण्याचे कारण नाही. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ १८४३ मध्ये सांगलीत झाले, तेही नाट्यगृहात नव्हे, राजवाड्यात.

पंकच्या आडवळणाच्या जागांमागे काही वेळा निव्वळ प्रसिद्धीचा सोस होता. ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात, ७ जून १९७७ रोजी, सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडने लंडनच्या थेम्स नदीत बोटीवर केलेले वादन त्यातलेच. त्याची अखेर पोलिसांच्या धरपकडीत झाली. पूर्व जर्मनीतील तरुणांचा मात्र नाइलाज होता. तेथे जाहीर कार्यक्रमासाठी सरकारी समितीकडून परवाना घ्यावा लागे आणि तो पंक वाजवणाऱ्यांना सहसा मिळत नसे. त्यामुळे १९८०च्या दशकात, सरकारपासून काहीशी स्वायत्तता राखून असलेल्या प्रोटेस्टंट चर्चच्या आवारातच त्यांना आसरा मिळाला. प्रार्थनेच्या वास्तूत हा गोंगाट कसा सहन झाला असेल, याचे मला आजही नवल वाटते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील बर्कली शहराचे आहे. तेथील गिलमन रस्त्यावरच्या गोदामात १९८६च्या अखेरच्या रात्री पहिला कार्यक्रम झाला. स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या जागेत दारूला मज्जाव होता, त्यामुळे शाळकरी मुलांनाही प्रवेश मिळे, आणि ती इतकी वर्षे टिकली यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

गोदामाच्या मालकाची लेखी संमती आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. दिवसा व्यापारी क्षेत्रात ६५ आणि निवासी क्षेत्रात ५५ डेसिबलची मर्यादा असते. रात्री १० नंतर बंदिस्त सभागृहांना मिळणारी सवलत शटर उघडे ठेवलेल्या गोदामाला लागू होईल, असे गृहीत धरू नये. त्यापेक्षा संध्याकाळी ६ला सुरुवात करावी. रिकाम्या गोदामात पत्र्याखाली ड्रमचा आवाज फार घुमतो, म्हणून भिंतींना जाड सतरंज्या टांगाव्यात आणि हळदीची धूळ आधी नीट झाडून घ्यावी, नाहीतर गायकाला पहिल्याच गाण्यात ठसका लागेल.