पहिली पाचशे पावले

आपण विचारले आहे, की पुण्यातील बँकेची नोकरी सोडून, संगणकात कृत्रिम बाजार चालवून त्याचा अभ्यास करण्याच्या पीएचडीसाठी, पती आणि सात वर्षांच्या मुलीसह जर्मनीला यावे का. व्हिसा, विमा आणि पदव्यांच्या पडताळणीविषयी दूतावासाने सर्व लिहून ठेवलेले आहे, त्यामुळे ते मी सोडून देतो. मी याच विषयासाठी अकरा वर्षांपूर्वी जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात आलो, आणि आपला प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री मनातल्या मनात हेच उत्तर लिहितो आहे.

विषयाबद्दल आपल्या मनात शंका नसावी. नातेवाईक विचारतील, ‘म्हणजे उद्याचा निफ्टी कळतो का?’ तो कळत नाही. आपण करतो ते एवढेच, की प्रत्येक कृत्रिम व्यापाऱ्याला एक छोटा नियम द्यायचा, हजारो व्यापारी एकमेकांशी सौदे करू लागले की भाव कसे वागतात ते पाहायचे, आणि मग नियम बदलून पुन्हा पाहायचे. गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी 1993 मध्ये असे व्यापारी बनवले, की जे अक्षरशः मनाला येईल तो भाव बोलत. बंधन एकच, तोट्याचा सौदा करायचा नाही. तरीही त्या बाजाराने शक्य असलेला जवळजवळ सगळा फायदा पदरात पाडून घेतला, म्हणजे ज्याचे श्रेय आपण व्यापाऱ्याच्या अकलेला देतो, त्यातले बरेचसे बाजाराच्या रचनेचे असते. 19 ऑक्टोबर 1987 रोजी डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला आणि तेवढ्या मोठ्या पडझडीला शोभेल अशी बातमी कोणालाच सापडली नाही. पोर्टफोलिओ विम्यासारखे, भाव पडला की विका असे सांगणारे नियम अशा घसरणीला किती हातभार लावतात, हे किम आणि मार्कोविट्झ या संशोधकांनी 1989 मध्ये याच पद्धतीने तपासले.

मला मात्र या विषयाने ओढले ते फ्रान्समधल्या मार्से शहराच्या घाऊक मासळीबाजारामुळे. तिथे भाव फलकावर नसे, प्रत्येक सौदा दोघांत ठरे. अर्थशास्त्रज्ञ ॲलन किर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाजाराचे संगणकात जे प्रतिरूप केले, त्यात गिऱ्हाईक इतकेच लक्षात ठेवते, की कोणत्या विक्रेत्याकडे आपला किती फायदा झाला. या आठवणीला वजन किती द्यायचे याची एक मर्यादा ओलांडली, की भटकणारे गिऱ्हाईक एकाच विक्रेत्याचे होऊन जाते. मी पन्हाळा तालुक्यातला, आमचे गुऱ्हाळ होते. वडील वीस वर्षे गुळाचे रवे कोल्हापुरात एकाच अडत्याकडे घालत, पण ते आठवणीतल्या फायद्यामुळे नव्हे, तर हंगामाआधी घेतलेल्या उचलीमुळे. हे मी चर्चासत्रात सांगितले, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, ‘मग उचल आज्ञावलीत घाला.’ माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्यातून निघाले, आणि ते लिहितानाच्या दिवसांइतका आनंद मला इथे पुन्हा मिळालेला नाही.

कागदपत्रांचे एकच सांगतो. माझे कंत्राट वर्षावर्षाने वाढे, निवासाचा परवाना त्याच तारखेला बांधलेला असे, आणि कार्यालयात भेटीची वेळ मिळे ती परवाना संपल्यावर. मधल्या काळासाठी जो कागद देतात त्याचे नाव ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’, म्हणजे शब्दशः कल्पितपणाचा दाखला. दिवसभर कल्पित माणसांना नियम लावायचे आणि खिशात स्वतःच्या कल्पितपणाचा दाखला बाळगायचा, असे मी तीन हिवाळे काढले. म्हणून सही करण्यापूर्वी कंत्राट किती वर्षांचे आणि किती टक्के पगाराचे, हे लेखी घ्या.

एकटेपणाबद्दल विचारलेत. तो असतो. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा थोडा जास्त असतो.

आता मुलीबद्दल, कारण खरे तर त्यासाठीच मी लिहायला बसलो. इथे चौथीच्या सहामाही प्रगतिपुस्तकाबरोबर शाळा शिफारस देते, की मूल पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुममध्ये जावे की अन्यत्र. आमचा मुलगा तिसरीच्या मध्यावर आला आणि वर्षभरात त्याची शिफारस झाली. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे आवळून बसलेल्या मला बाईंनी सांगितले, की तो शांत आहे, स्वतःहून बोलत नाही, त्याला गिम्नाझियुम झेपणार नाही. मी मान डोलावली. एका चलाच्या किमतीवरून तीन तास वाद घालणारा मी, तिथून दहा मिनिटांत बाहेर पडलो.

त्याच रात्री मी आज्ञावलीतली नेहमीची ओळ तपासत होतो. कृत्रिम बाजार एकदा चालवला की ती एक फेरी, आणि तिच्यातला सौद्यांचा एकेक टप्पा म्हणजे एक पाऊल. पाच हजार पावलांच्या प्रत्येक फेरीतली पहिली पाचशे पावले आम्ही फेकून देतो, कारण तेव्हा व्यापारी अजून शिकत असतात आणि त्या काळावरून बाजाराविषयी काही म्हणणे अशास्त्रीय ठरते. माझ्या मुलाबद्दल जे काही ठरले, ते त्याच पाचशे पावलांवरून ठरले होते, आणि हे त्या खोलीत बोलण्याइतके जर्मन माझ्याकडे नव्हते. या राज्यात शिफारस पालकांना बंधनकारक नसते, हे मला दोन वर्षांनी एका तुर्की शेजाऱ्याकडून कळले. पत्नीने त्याबद्दल मला अजून माफ केलेले नाही. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, वीजतंत्रीचे प्रशिक्षण संपवून कमावतो, आणि विषय निघाला की म्हणतो, ‘बाबा, मला नाही, तुम्हालाच लागलंय ते.’

आपण लिहिले आहे, की रुजू होण्याची तारीख एक वर्ष पुढे ढकलावी असा विचार आहे. विद्यापीठ ते मान्य करीलही. परंतु यंदाच्या उन्हाळी सुटीत आलात, तर मुलगी दुसरीत बसेल आणि शिफारशीपर्यंत तिला अडीच वर्षे मिळतील. पुढच्या वर्षी आलात, तर दीडच. शक्य असेल तर तारीख यंदाचीच ठेवा.