वाचक विचारतात : फ्रँक झॅपा, गिटार आणि कात्री

अमेरिकन गिटारवादक आणि संगीतकार फ्रँक झॅपा (१९४०–१९९३) याच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं इथे देत आहोत. त्याच्या मिश्या, त्याचे कपडे आणि त्याने मुलांची ठेवलेली नावं यांबद्दलचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. त्यावर बरंच लिहून झालंय. वाजवणाऱ्या आणि कान देऊन ऐकणाऱ्या वाचकांना इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : झॅपाच्या हयातीतच साठाच्या आसपास अल्बम निघाले. सुरुवात कुठून करायची? मित्राने ‘फ्रीक आउट!’ लावून दिला, तो अर्ध्यातच बंद केला. — एक वाचक, नाशिक

मित्राने पहिला अल्बम पहिल्यांदा दिला, एवढंच त्याचं चुकलं. १९६६चा ‘फ्रीक आउट!’ म्हणजे त्या काळच्या अमेरिकन पॉपची केलेली नक्कल आणि टिंगल. मूळ पॉप कानात नसेल तर टिंगल कळत नाही. त्यात तो दोन तबकड्यांचा, आणि चौथ्या बाजूवर सगळा मिळून एकच लांबलचक गोंधळ. तो राहू द्या.

१९६९चा ‘हॉट रॅट्स’ घ्या. सहा रचना, त्यातल्या पाच पूर्णपणे वाद्यांच्या. पहिली ‘पीचेस एन रेगालिया’, साडेतीन मिनिटांच्या वर थोडी. ती लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सुरावट. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा ती चिमुकली, खेळण्यातली वाटणारी वाद्यं शोधा. ती खेळण्यातली नाहीत. टेप अर्ध्या वेगाने फिरवून ध्वनिमुद्रण करायचं आणि ऐकताना पूर्ण वेगाने सोडायची; सूर एक सप्तक वर जातो आणि प्रत्येक आघात निम्म्या वेळात उरकतो. बेस आणि तालवाद्यांवर झॅपाने हे केलंय. सोळा ट्रॅकचं, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे मुद्रित करणारं यंत्र तेव्हा नवंकोरं होतं. ते हाती आल्यामुळे इयन अंडरवूड हा एकटा माणूस पियानो, ऑर्गन, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं सगळं थरावर थर चढवत वाजवू शकला.

त्यानंतर ‘वन साइझ फिट्स ऑल’ (१९७५). त्यातल्या ‘इंका रोड्स’चा पाया लॉस एंजेलिसमधल्या टीव्ही स्टुडिओत वाजवलेला आहे आणि मधला गिटारचा सोलो सप्टेंबर १९७४च्या हेलसिंकीच्या कार्यक्रमातला. सांधा कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न करा. सहजी सापडत नाही, आणि झॅपा समजून घ्यायचा तर कान तिथेच लावावा लागतो. वाद्यवृंदाचं संगीत आवडत असेल तर शेवटी ‘द यलो शार्क’ (१९९३) ऐका. तो जर्मनीच्या आंसांबल मोडेर्न या वृंदाने वाजवलाय. पंधराव्या वाढदिवसाला आईने देऊ केलेल्या पाच डॉलरांत ज्या मुलाने न्यू यॉर्कला एडगार व्हारेझ या संगीतकाराच्या घरी ट्रंक कॉल लावला (व्हारेझ तेव्हा ब्रसेल्सला होते, फोन पत्नीने घेतला), तो मुलगा तिथे भेटतो.

प्रश्न : माझ्या सीडीवरचा ‘हॉट रॅट्स’ आणि मामाच्या तबकडीवरचा, दोन्ही वेगळे वाजतात. माझा कान बिघडलाय की सीडी? — एक वाचक, पुणे

दोन्ही ठीक आहेत. झॅपाने १९८७च्या सीडीसाठी जुन्या टेप पुन्हा काढून नव्याने मिक्स केल्या, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे ट्रॅक नव्याने एकत्र बसवले. ओळखायची खूण सोपी : ‘द गंबो व्हेरिएशन्स’ची लांबी पाहा. तेरा मिनिटांच्या आत संपत असेल तर १९६९चं मूळ मिक्स, सतरा मिनिटांच्या जवळ जात असेल तर १९८७चं. नव्या मिक्समध्ये वाद्यांची डावी-उजवी जागा आणि त्यांचा तोल बदलला आहे. २०१२ साली निघालेल्या सीडीवर मूळ मिक्स परत आलं. आमचं मत विचाराल तर घरात मूळ मिक्स असावं आणि ‘गंबो’पुरतं १९८७चं, त्यात सॅक्सोफोन आणि व्हायोलिनला मोकळं रान मिळतं.

जुन्या सीडी घेणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणी जपून राहावं. ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’ (१९६८) आणि ‘क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स’ (१९६८) या दोन्हींवर झॅपाने ऐंशीच्या दशकात जुने बेस-ड्रम काढून नव्या वादकांकडून वाजवून घेतले. साठच्या दशकातल्या आवाजांखाली ऐंशीच्या दशकातले ड्रम फार खटकतात. पहिल्याचं मूळ मिक्स १९९५च्या सीडीपासून मिळतं. दुसऱ्याचं हवं असेल तर २०१०चा ‘ग्रीझी लव्ह साँग्ज’ मागा. ‘स्लीप डर्ट’ (१९७९) मूळ तबकडीवर निव्वळ वाद्यांचा आहे. नव्वदच्या दशकातल्या सीडीवर मध्येच बाईचा आवाज गायला लागला तर दचकू नका, तो मागाहून चढवलेला आहे.

प्रश्न : झॅपासोबत रविशंकरांनी वाजवलं होतं का? — एक वाचक, बेळगाव

ते रविशंकर नव्हेत, एल. शंकर, ‘शक्ती’ या वृंदामध्ये झाकिर हुसेन आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर वाजवणारे व्हायोलिनवादक. १९७८च्या हॅलोवीनला न्यू यॉर्कच्या पॅलेडियममध्ये ते झॅपाच्या मंचावर होते. त्यातली ‘थर्टीन’ ही तेरा मात्रांची रचना ‘यू कान्ट डू दॅट ऑन स्टेज एनीमोर’च्या सहाव्या खंडात आहे. शंकर यांचा ‘टच मी देअर’ (१९७९) हा अल्बमही झॅपानेच निर्माण केला.

प्रश्न : झॅपाच्या गिटारचा आवाज नाकातून गायल्यासारखा येतो. माझ्याकडे एसजी गिटार आणि साधा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल) आहे, तरी तसा येत नाही. शिवाय एकाच सुरावर तो इतका वेळ कसा वाजवत राहतो? — एक वाचक, कोल्हापूर

राहिलंय ते वा-वा पेडल, म्हणजे पायाने दाबून सुराचा रंग बदलायचं उपकरण. बहुतेक जण ते पायाने वर-खाली हलवतात. झॅपा कित्येकदा ते एका जागी अर्धवट दाबून सोडून देई. गिटार, मग वा-वा, मग ओव्हरड्राइव्ह, मग अँप, हा क्रम ठेवा. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटचा सूर धरा आणि टाच पूर्ण खाली असताना सुरुवात करून पेडल अगदी हळू पुढे न्या. एका ठिकाणी सूर एकदम फुगून पुढे येतो. बहुधा एकतृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान. तिथे थांबा, पेडलच्या कडेला खडूने खूण करा आणि पाय काढा.

पाय काढल्यावर पेडल घसरत असेल तर त्याच्या बिजागरीचा नट सैल झालाय, तो आवळा. आवाज पातळ आणि किरटा येत असेल तर तुम्ही वा-वा ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावलंय. पेडलच नसेल तर पॅरामेट्रिक इक्वलायझर चालेल : ८०० ते १००० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी १० ते १२ डेसिबल उचल द्या, पट्टा अरुंद ठेवा (क्यू ३ ते ४). मग अँपचा मिडल थोडा कमी करा, नाहीतर दोन्ही मिळून कान फोडतील. हा आवाज कमी व्हॉल्यूममध्ये मेल्यासारखा लागतो. अँप आणि तार एकमेकांना प्रतिसाद देऊ लागतील इतका मोठा आवाज त्याला हवा, म्हणून शेजाऱ्यांची वेळ बघून बसा.

आता एका सुराचं. ‘इंका रोड्स’च्या सोलोखाली सी आणि डी या दोन मेजर कॉर्डची ये-जा चालते. सी हा षड्ज धरला तर डी कॉर्डमधला एफ शार्प हा तीव्र मध्यम. म्हणजे सगळे स्वर कल्याण थाटाचे. षड्ज खाली हलत नाही, म्हणून वर वाटेल तितकं फिरता येतं. यमन शिकलेल्यांना इथे आयती वाट सापडते आणि तिथेच ते फसतात. यमनचं चलन, निषादावरून चढणं, पंचमावरचा न्यास हे सगळं हातातून आपोआप येतं आणि सोलो भजनासारखा होतो. झॅपाची वाक्यं बोलण्याच्या लयीत असतात. कुठेही सुरू होतात, मात्रेच्या मध्ये अडखळतात, भलत्याच जागी संपतात. सराव करताना एखादं लांबलचक वाक्य मोठ्याने बोला आणि त्याच्या अक्षरांच्या लयीवर फक्त दोन-तीन स्वर वाजवा. ‘शट अप अँड प्ले यर गिटार’ (१९८१) या मालिकेतल्या तिन्ही शीर्षकरचना म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधल्या कार्यक्रमांतले ‘इंका रोड्स’चेच सोलो. तीन शेजारी लावून ऐकलेत तर नेमका काय फरक तो करतो ते दिसेल.

प्रश्न : मी ड्रम वाजवतो. ‘द ब्लॅक पेज’ नोटेशन समोर ठेवूनही जमत नाही. कोणत्या तालात आहे ती? — एक वाचक, ठाणे

चार मात्रांत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारच. झॅपाने ती त्याचा ड्रमवादक टेरी बॉझिओसाठी लिहिली आणि ‘झॅपा इन न्यू यॉर्क’ (१९७८) वर ती दोन रूपांत आहे : पहिलं ड्रमचं अवघड रूप आणि दुसरं डिस्कोच्या ठेक्यावरचं. ताल बदलतो असं समजून मोजायला गेलात की पहिल्या ओळीतच हरवाल. डाव्या पायाने हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) चारही मात्रा देत राहा आणि काहीही झालं तरी तो पाय सोडू नका.

अडतं ते घरात घर असलेल्या ओळींत. चार मात्रांचे तीन समान भाग, आणि त्या भागांत अनुक्रमे पाच, पाच आणि सहा आघात. बेरीज करा : सोळा. साध्या चौपटीतही चार मात्रांत सोळाच आघात येतात, आणि घोटाळा इथेच होतो. मात्रा ६० च्या गतीला असेल तर चौपटीचा प्रत्येक आघात ०.२५ सेकंदाला पडतो. इथे पाचातला ०.२६७ ला आणि सहातला ०.२२२ ला. फरक इतका बारीक की थकलेला हात नकळत साध्या चौपटीत घसरतो, सोळा मोजून बरोबर समेवर येतो, आणि आपण बरोबर वाजवलं असं वाटतं.

त्यावर उपाय असा. मेट्रोनोम ६० ऐवजी ४५ वर लावा. तीन भागांपैकी एकेक भाग म्हणजे सव्वा मात्रेहून किंचित जास्त, ४५ ची एक टिकटिक. पहिल्या दोन टिकटिकींवर ‘तकतकिट’ (पाच), तिसरीवर ‘तकिटतकिट’ (सहा). हे तोंडाने पक्कं होईपर्यंत काठी हातात घेऊ नका. पक्कं झालं की दुसरी पायरी : मेट्रोनोम ६० वर, चार मात्रांत चार वेळा ‘तकिट’ म्हणा. बारा अक्षरं झाली. त्यातल्या पहिल्या, पाचव्या आणि नवव्या अक्षरावर टाळी द्या. या तीन टाळ्या म्हणजे मघाच्या ४५ च्या टिकटिकी. पाय ६० वर, टाळी अशी आडवी, आणि तोंडात पाच-पाच-सहा हे एकत्र आलं की मग काठ्या. घाई केलीत तर सहाच्या गटात धावाल आणि सम चुकेल. म्हणून स्वतःचं रेकॉर्डिंग करून शेवटची सम तपासत जा.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाला झॅपा आवडायला लागलाय. गाण्यांचे शब्द भलतेच आहेत. काय करावं? — एक पालक, इंदूर

शब्द खरोखरच भलते आहेत. कित्येक गाणी लहान मुलासमोर लावण्यासारखी नाहीत. त्याला ‘जॅझ फ्रॉम हेल’ (१९८६), ‘शट अप…’ची मालिका आणि ‘द ग्रँड वाझू’ (१९७२) द्या; बाकीचं तो यथावकाश शोधेलच. नशेची काळजी करू नका. झॅपा अमली पदार्थांच्या विरोधात होता, दौऱ्यावर वादकांनाही मनाई करायचा. सिगारेट मात्र बेसुमार ओढायचा, तेवढं मुलाला सांगून ठेवा.

प्रश्न : झॅपा वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमधले तुकडे एकमेकांवर चढवायचा असं वाचलं. घरी संगणकावर करता येईल का? — एक वाचक, मडगाव

येतं, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. या तऱ्हेला तो झेनोक्रोनी म्हणे. ‘शेख यरबूटी’ (१९७९) वरच्या ‘रबर शर्ट’मधला बेस पॅट्रिक ओ’हर्नने एका चार मात्रांच्या सोलोसोबत वाजवला होता, दीडेक वर्षाने तो बेस उचलून अकरा मात्रांच्या संथ रचनेवर ठेवला. बेस आणि ड्रम एकमेकांशी बोलतायत असं ऐकताना वाटतं, पण त्यांची ती भेट झालेलीच नाही. ‘जोज गराज’ (१९७९) मधले बहुतेक सोलो दौऱ्यावरच्या टेपमधून उचललेले आहेत. ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’चा मात्र तिथेच, स्टुडिओत वाजवलाय, आणि ते ऐकूही येतं.

एक गिटार सोलो घ्या, ठेका न मोजता वाजवलेला, तीन-चार मिनिटांचा. दुसऱ्या गतीतला आणि दुसऱ्या तालातला बेस-ड्रमचा ट्रॅक घ्या, समजा सात मात्रांचा. दोन्हींचा षड्ज एक हवा. नसेल तर गिटारचा वेग बदलून जुळवा : एका अर्ध्या स्वरासाठी वेगात जवळपास सहा टक्के फरक. दोनपेक्षा जास्त अर्धे स्वर सरकवलेत तर गिटार बनावट वाटेल.

त्याआधी सॉफ्टवेअरमधला आपोआप गती जुळवण्याचा पर्याय बंद करा आणि स्नॅपही (तुकडा ठेक्याच्या रेषेवर आपोआप ओढणारी सोय) काढून टाका. आजची बहुतेक सॉफ्टवेअर फाइल आत घेतानाच तिला ठेक्यावर ताणून बसवतात, आणि मग जे तयार होतं ते साधं रिमिक्स. सोलो कुठेही ठेवा आणि पूर्ण ऐका. मग सुरुवात एखाद-दोन मात्रा मागेपुढे करून परत ऐका. एखादं वाक्य ड्रमच्या फिलवर (दोन ओळी जोडणाऱ्या छोट्या तुकड्यावर) संपेल अशी जागा सापडली की थांबा. दुसरी जागा जुळवायला मधून कापलंत तर पहिली योगायोगाची गंमतही जाते.

सगळ्यात जास्त फसतं ते गळतीमुळे. खोलीत एकत्र वाजवलेल्या सोलोत मागचे ड्रम ऐकू येतात, आणि दोन ठेके एकमेकांना चावतात. गिटार थेट वायरने घेतलेली हवी. षड्ज जुळूनही सूर थरथरत असतील तर एक ट्रॅक ४४० हर्ट्झला आणि दुसरा ४४२ ला लावलेला असण्याची शक्यता आहे. तो फरक आठेक सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तेवढी गिटार सरकवा. आणि दोन्ही ट्रॅक एकाच रिव्हर्बमधून (खोलीचा घुमारा देणाऱ्या सोयीतून) काढा, कोरडी गिटार ओल्या ड्रमवर तरंगत राहते.